बायोलॉजीच्या जागी क्रॉप सायन्स

आमच्या घरात बारावी पास झालेली पहिली मी. त्यामुळं फॉर्म कोणताही असो, राशनचा, पीकविम्याचा की कॉलेजचा, तो माझ्याकडंच यायचा. बाबा उमरेडकडं शेती करतात. माझ्या अकलेवर त्यांचा एवढा भरवसा, की मी भरलेला फॉर्म ते वाचायचेसुद्धा नाहीत. मलाही तोरा होताच, खोटं कशाला बोलू?

धाकट्या बहिणीला नर्स व्हायचं होतं. डिग्रीवाली. शाळेपासून तेच एक. अकरावीच्या फॉर्मवर मी तिची बायोलॉजी काढली अन् क्रॉप सायन्स टाकलं. आमच्याकडं पुष्कळ पोरं तेच घेतात. दोनशे मार्कांचा विषय, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी, आणि गहू-सोयाबीन तर रोजचं डोळ्यासमोरचं. ती रडली होती. "ताई, मले बायोलॉजी पाहिजे वं." मी खेकसले, "भैताड आहे काय तू? मुळं, बी, रोग, सारं त्याच्यात आहे. बायोलॉजीच आहे ते, मार्क तेवढे जास्त!"

मार्क पडलेही चांगले. पण ऐन नर्सिंगच्या फॉर्मच्या दिवसांत तिला डेंग्यू झाला अन् फॉर्म राहूनच गेला. वर्ष वाया नको म्हणून मी तिला शहरात, बेसाला माझ्या घरी आणलं, बी.एस्सी.ला घातलं. झूलॉजी, केमिस्ट्री. आता म्हणे क्रेडिट जमा होतात, एका कोर्समधून दुसऱ्यात वळवता येतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मग काय, माझं डोकं चाललं! नर्सिंग चार वर्षांचं, त्यातली दोन इथंच निघतील, उरली दोन. बाबांना तेच सांगितलं. तिच्यासाठी आलेलं स्थळ त्यांनी थांबवून ठेवलं. ही दोन अन् नर्सिंगची दोन, म्हणाले, त्यावर एक दिवस नाही.

दुसरं वर्ष संपल्यावर आम्ही दोघी सदर भागातल्या एका नर्सिंग कॉलेजात गेलो. खिडकीतल्या मॅडमनं बारावीची मार्कशीट पालथी करून पाहिली. "बायोलॉजी कुठंय?"

"हे काय, क्रॉप सायन्स," मी म्हटलं.

"ते चालत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी. बारावीलाच पाहिजे."

"अहो, दोन वर्षं झूलॉजी शिकली ना ती! रक्त, किडनी, सगळं झालं तिचं."

"त्यातला एकही पेपर धरत नाहीत. पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं."

"मग आता?"

"बारावीची एकटी बायोलॉजी द्या, पास व्हा. मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं. नाहीतर डिप्लोमा करा."

"तो किती वर्षांचा?"

"तीन."

तीन! बाबांच्या उरलेल्या दोनात तोही बसत नव्हता. माझा ताबा सुटला. "दोन वर्षं काय झक मारली का आम्ही?" मी एवढ्यानं ओरडले की रांगेतल्या पोरी वळून पाहू लागल्या. ती बाई मात्र शांत. "विषय घेताना चौकशी करायची ना, ताई. बायोलॉजी सोडायला सांगितलं कोणी हिला?"

मी मार्कशीट उचलून पिशवीत घालू लागले. धाकटी म्हणाली, "कोणीच नाही, मॅडम. माह्याच मनानं सोडली."

बाहेर आल्यावर मी तिथल्या पायरीवरच बसले. मला वाटलं, ती आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिनं पाणी प्यायलं, ओढणीनं तोंड पुसलं अन् म्हणाली, "बाबाले मी सांगतो. तू काही बोलू नको."

तिनं तिथंच फोन लावला. म्हणाली, त्या स्थळाच्या पाहुण्यांना येऊ द्या, माझं नर्सिंगचं जमत नाही. बाबांनी "काहून?" असं विचारलं असावं. "ताईनं बायोलॉजीच भरली होती, बाबा. मीच चोरून बदलली."

पलीकडून बाबा ओरडू लागले, ते मलाही ऐकू येत होतं. आळशी, बेअक्कल, ताईची मेहनत मातीत घातली म्हणाले. ती खाली मान घालून "हाव, बाबा, हाव, बाबा" करून राहिली होती. फोन माझ्यापासून हातभर लांब होता. मी तो घेतला नाही.