मास्तरांच्या पायातलं आमेन

आमच्या ड्रायव्हिंग मास्तरांना सगळे आमेन मास्तर म्हणतात. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नाही, त्यात माझाही हात आहे, आणि मी ते कबूल करते.

झालं असं. एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, "प्रार्थनेची सवय लागत नाही ना? मग जे काम तुम्ही रोज न चुकता करता, त्याला ती बांधून टाका." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. मी त्यातलीच. पण मास्तर पडले सरळमार्गी. ते विचारात पडले की आपण रोज न चुकता काय करतो? तर ब्रेक दाबतो. शिकाऊ लोकांच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की ते तो दाबतात, आणि शिकणारे घोळ घालतातच. झालं! सोमवारपासून दर ब्रेकला, "प्रभू, वाचवलंस, आभारी आहे, आमेन." दिवसाला दोनशे वेळा तरी.

तीन वर्षांत ही सवय इतकी मुरली की उलटी फिरली. आधी ब्रेक मग आमेन असं होतं, ते आमेन ऐकलं की पाय जायला लागला. घरी जेवणाआधीची प्रार्थना संपली की टेबलाखाली लाथ बसायची. मास्तरीणबाई आता गमबूट घालून जेवायला बसतात. चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं की पुढचा बाक वीतभर सरकायचा, बाकावरच्या आजीबाईंसकट. शेवटी पाळकसाहेबांनी मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं. तिथं समोर नुसती भिंत आहे.

मी नर्स आहे. अकरा वर्षं दवाखान्याची फिरती गाडी घेऊन लांबलांबच्या वस्त्यांवर लस द्यायला जाते. ड्रायव्हर निवृत्त झाला आणि वरून हुकूम आला: गाडी नर्सनंच चालवायची. वर्षअखेरीपर्यंत लायसन्स नाही मिळालं, तर गाडी दुसरीकडे आणि मी केसपेपरच्या खिडकीत. त्या वस्त्यांवरची निम्मी मुलं माझ्या हातांत जन्मलीत हो! मला रडूच आलं होतं.

मास्तरांकडे शिकायला लागले, आणि परीक्षेत दोनदा नापास झाले. पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली. दुसऱ्यांदा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी उजवीकडे सांगितलं आणि मी पूर्ण आत्मविश्वासानं डावीकडे गेले. थांबायची पाळी दोन्ही वेळा आलीच नाही. आणि तीच खरी गोम होती. कारण सहा महिन्यांत मी ब्रेक कधी दाबलाच नव्हता. समोर काही आलं की "आमेन" म्हणायचं, मास्तरांचा पाय जायचा, गाडी थांबायची. इतकं सोपं असताना कोण पाय झिजवेल?

एकदा मी चिडून विचारलं, "मास्तर, दिवसभर तेच तेच ऐकून देव वैतागत नसेल?"

"सिस्टर," ते म्हणाले, "पूर्वी मी त्याला फक्त रविवारी भेटायचो. काय बोलावं सुचायचं नाही, परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटायचं. आता विषय नसला तरी बोलतो."

मला ते कुठंतरी लागलं. मीही रविवारचीच. पण तेवढ्यात समोर सायकलवाला आला आणि मी आमेन म्हणून मोकळी झाले.

तिसरी परीक्षा शेवटची. साहेब माझ्या शेजारी, पायावर पाय टाकून, वहीत डोकं घालून बसले. गाडी मास्तरांची म्हणून मास्तर मागच्या सीटवर, तोंड उघडायचं नाही या अटीवर. चढ झाला, उजवं वळण झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात समोरून एक गाडी सरळ माझ्या अंगावर आली. चालवणारी बाई अगदीच बावळट दिसत होती.

ती मीच होते! दोन हमाल आरशाचं कपाट आडवं धरून रस्ता ओलांडत होते.

"आमेन!" मी ओरडले.

मागे मास्तरांचा पाय दाणकन आपटला. नुसत्या पत्र्यावर. गाडी चालूच.

"आमेन! आमेन!"

दाण! दाण! साहेब वहीतून वर बघतात तो काय, आरशातून तेच स्वतःच्या अंगावर धावून येतायत. त्यांचा पाय पायावरून उतरेना. मास्तर मागून रडकुंडीला येऊन म्हणाले, "सिस्टर, माझ्याकडं ब्रेक नाहीये हो!"

आता कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "देवा, तूच बघ," आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पाय दाबला. गाडी आरशापासून हातभर अंतरावर थांबली. हमालांनी आम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या आणि कपाट पुढं नेलं.

साहेबांनी घाम पुसला. "काय ओरडत होता तुम्ही?"

"आमेन."

"म्हणजे?"

"तसंच होवो."

"असं म्हटलं की गाडी थांबते?"

"नाही साहेब. ब्रेक दाबावा लागतो."

त्यांनी वहीत सही केली. पास! मी आनंदानं उडी मारून बाहेर आले, तर मास्तर गाडीला टेकून उभे, चेहरा पडलेला.

"तुम्ही मला तीनदा हाक मारलीत," ते म्हणाले, "आणि मला काहीच करता आलं नाही."

मी तोंड उघडलं ते, "तुम्हाला नाही मास्तर, देवालाच मारत होते," असं म्हणायला. पण ते खोटं झालं असतं. सहा महिने मी जे आमेन म्हणत आले, ते सगळं मास्तरांच्या पायाला. देवाशी मी बोलले ते फक्त "देवा, तूच बघ" एवढंच, आणि त्याला आमेन लावायचंसुद्धा राहून गेलं होतं.