तीन दिवसांचं डोमेन, वीस वर्षांची कंपनी

"मेल सोड, नाहीतर ऑफिसची चावी टेबलावर ठेव!" नाना गरजले.

मी चावी टेबलावर ठेवली. मेल सोडला नाही.

नाना दिवेआगरच्या आमच्या होमस्टे संघटनेचे अध्यक्ष. मी संघटनेचा मेल सर्व्हर सांभाळते. त्यावर माझा एक रूल आहे: पाठवणाऱ्याचं डोमेन महिन्याच्या आतलं असेल, तर मेल आधी माझ्याकडे अडकतो आणि ज्याला आलाय त्याला मी तसं कळवते. डोमेन म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव. ते कधी रजिस्टर झालं, हे कुणालाही बघता येतं. स्पॅमवाले नवं नाव घेतात, चार दिवस लोकांना गंडवतात, नाव बदनाम झालं की फेकून देतात.

नानांना आलेला, अडकलेला मेल होता पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या नावाने. वीस वर्षांचा अनुभव. वऱ्हाडासाठी नानांच्या बाराही खोल्या हव्यात. फक्त लिंकवर बुकिंग अकाउंटचा पासवर्ड टाकून होकार कळवायचा. त्या अकाउंटमध्ये नानांचा अख्खा सीझन होता. ते चोराच्या हातात गेलं, की खोल्या तो विकणार आणि पाहुणे नानांच्या दारात भांडणार.

"अगं, बारा खोल्या! वऱ्हाड हरिहरेश्वरला गेलं तर तू परत आणणार?"

"नाना, डोमेन तीन दिवसांचं आहे."

"असू दे! या कंपनीचे पाहुणे मागे माझ्याकडे राहून गेलेत."

ऑफिस नानांच्याच वाडीत. मी त्यांना खिडकीशी नेलं.

"ती पोफळ किती वर्षांची?"

त्यांनी खोडावरची वलयं नुसती नजरेखालून घातली. "पंधरा तरी."

"आणि कुणी तिच्या शेजारचं हे परवा लावलेलं रोप दाखवून म्हणालं, वीस वर्षं याची सुपारी विकतोय, तर?"

"थोबाडीत देईन!"

"मी तर नुसता मेल अडवलाय."

नानांनी कंपनीचं जुनं कार्ड शोधलं आणि त्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कसलं वऱ्हाड? आम्ही मेल पाठवलाच नाही, काका."

मी चावी उचलून पर्समध्ये टाकली, जरा आवाज करून.

पुढच्या आठवड्यात नानांच्या सुनेने स्वतःच्या नव्या वेबसाइटच्या पत्त्यावरून नानांना पहिला मेल पाठवला. तोही अडकला. नाना पुन्हा गरजले. मी सुनेला फोन केला, खात्री केली, मेल सोडला. दोन मिनिटं लागली.

रूल जागच्या जागी आहे. खरा माणूस दोन मिनिटं अडवला तर चिडतो, पण थांबतो. एवढं चिडणं मला चालतं.