सीटवरचा कट्टा

माझी गाडी दोन सीटांची, जुनी, जमिनीला पोट घासत पळणारी. सावली या आमच्या धानाच्या गावात अशी गाडी ठेवणं म्हणजे लोकांना आयता विषय देणं. ते असो.

रविवारी नागपूरला ऑटोक्रॉसची शर्यत होती. मोकळ्या मैदानात शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेकट्याने घड्याळाशी पळायचं. मागच्या वर्षी वळण आलं तरी माझी गाडी वळलीच नाही, चार शंकू लोळवून सरळ गेली. म्हणून यंदा पुढच्या चाकांचा कल, म्हणजे वरची कड किती आत झुकते ते, नीट बसवायचाच होता.

कल मोजताना चालकाचं वजन सीटवर लागतं; वजनाने गाडी दबते तसा कल बदलतो. चौकातला आमचा मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाऊ, तुम्ही बसा ना गाडीत. मी मोजतो."

ओळंबा आणि पट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन मी बसू? मी आईच्या कोठीतला तांदळाचा कट्टा राइस मिलच्या काट्यावर नेला, माझ्या वजनाइतका भरला आणि सीटवर बसवून त्याला बेल्टही लावला. मिस्त्रीने नट आवळायचे, मोजणार मीच.

सोमवारी कल आला बरोबर दोन सूत, म्हणजे पाव इंच. बुधवारी पाहतो तर उजवीकडे दीडच. परत दोनवर आणला. शुक्रवारी पुन्हा कमी! माझं डोकंच फिरलं. स्प्रिंगला शिव्या दिल्या, रबराच्या बुशांना दिल्या, अंगणातल्या फरशीलाही दिल्या. मग उरला मिस्त्री.

"तुझा हातच ढिला. नट आवळता येत नाही तुला," मी म्हणालो. वीस वर्षं माझी प्रत्येक गाडी त्यानेच सांभाळलेली. त्याने पाने पुसले, पिशवीत भरले आणि तो निघून गेला. शर्यत दोन दिवसांवर, आणि त्याच्याशिवाय मला त्यातला एक नटही धड सुटत नव्हता.

धुसफुसतच जेवायला बसलो. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेले पाहुणे आठवडाभर आमच्याकडे उतरत होते, रोज पंगत. भात मात्र झकास झाला होता. आईला विचारलं, तांदूळ कुठला?

"तुह्या मोटारीतला. डब्यातला सरला, मंग का करू? पावन्याइले उपाशी ठेवू? मोटारीले का भूक लागून राह्यली?"

घास तोंडातच राहिला. जाऊन पाहिलं तर कट्टा अर्धा झालेला. बेल्ट मात्र आईने दर वेळी परत लावून ठेवला होता.

कट्टा उतरवला आणि गाडी घेऊन तसाच मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. माफी मागणं मला जमत नाही, तरी मागितली, आणि सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"वजन कुठी गेलं नाई भाऊ. थैलीतून निघालं अन् तुमच्या पोटात गेलं. आता तरी बसता?"

बसलो. त्याने नट सोडले, पुन्हा आवळले, आणि चाकाआडून म्हणाला, "दोन सूत. बरोबर."

उतरून एकदा पाहावं असं फार वाटलं. उतरलो नाही.