रंग जाणार नाही

नव्वदच्या दशकात नाशिकच्या मेनरोडवर एक चार मजली कापडाचं दुकान होतं आणि त्यात माझे बाबा साड्या उलगडायचे. दुकानाला नाव होतं, पण ते फक्त पाटीवर. लोक त्याला नुसतं 'मोठं दुकान' म्हणायचे. तळमजल्यावर साड्या, पहिल्यावर सुटिंग-शर्टिंग, दुसऱ्यावर तयार कपडे आणि सगळ्यात वर चादरी, सतरंज्या, ब्लँकेटं आणि रेनकोट.

आज सांगून कोणाला पटणार नाही, पण तिथे ट्रायल रूम नव्हती. आरसा एकच होता आणि तोही शेठच्या गल्ल्यामागे, त्यामुळे त्यात मुख्यतः शेठच दिसायचे. विक्रेता तुमच्याकडे एक नजर टाकून माप सांगायचा आणि आई त्याहून दोन मापं मोठा फ्रॉक घ्यायची, वाढतं अंग म्हणून. तो फ्रॉक मला नीट बसायला लागेपर्यंत दोन दिवाळ्या उलटायच्या. फ्रॉक बिचारा तोपर्यंत जसाच्या तसा थांबायचा. एवढा संयम तेव्हाच्या कापडात होता.

बाबांचं खरं काम मात्र साड्या दाखवण्याचं नव्हतं. ते शब्द द्यायचे. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून लग्नाचे सगळे कपडे एकदम घ्यायला, सिन्नर, सटाणा, नामपूरकडून जीप भरभरून माणसं यायची. पांढऱ्या गादीवर बैठक जमायची, दोनदा चहा व्हायचा, पहिली साडी देवीची म्हणून बाजूला निघायची. मग बायका पदर चिमटीत धरून बाबांना एवढंच विचारायच्या, की रंग जाईल का? बाबा म्हणायचे, "रंग जाणार नाही." विषय संपला. बिलावर कसलीही हमी छापलेली नसायची आणि कोणी ती मागायचंही नाही.

हा शब्द आमच्या न्हाणीघरात तयार व्हायचा. नवा माल आला की त्यातला एक ब्लाउजपीस बाबा घरी आणायचे. आई तो आणि बाबांचा एक पांढरा रुमाल एकाच बादलीत भिजत घालायची, साबणाच्या वडीने खसाखसा घासायची, दगडावर आपटायची आणि गच्चीवर कडक उन्हात टाकायची. असं तीनदा. रुमाल पांढरा राहिला तर माल पास. नुसती झाक जरी आली तरी बाबा तो गठ्ठा परत पाठवायला लावायचे आणि थोरले शेठ कपाळाला आठ्या घालून का होईना, पाठवायचे. पास झालेले तुकडे जोडून आई माझे फ्रॉक शिवायची. सहा वेगवेगळ्या छापांचा फ्रॉक घालून मी शाळेच्या गॅदरिंगला गेलेली आहे. तो फ्रॉक फाटावा म्हणून मी देवाला नवस बोलले होते, पण देवाचंही त्या कापडापुढे काही चाललं नाही.

दोन हजार सालानंतर नाशिक सुधारलं. शहरात मॉल आला. काचेची दारं, गारेगार हवा आणि आपोआप चढणारा जिना. कपडे हँगरवर लटकलेले, आणि कपड्याबद्दल कोणाला काही विचारावं तर त्या पोरापोरींना फक्त ऑफर पाठ. मी तेव्हा कॉलेजात होते. एकावर एक फुकट म्हणून दोन टी-शर्ट घेऊन आले. पहिल्या धुण्यात बगलेखालची शिवण फिरून बेंबीवर आली. दुसऱ्या धुण्यात गळा खांद्यावरून उतरायला लागला. तिसरं धुणं आईने केलंच नाही, तिने त्यांचं पायपुसणं केलं आणि हे पाणीसुद्धा ओढत नाही अशी तक्रार केली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण बाबांच्या दहा वर्षं वापरलेल्या पँटीवर स्टीलचा डबा काढायची. माझे मॉलचे कपडे बघून ती टोपलं उचलून निघून गेली. तरीही पुढच्या सेलला मी हजर. पिशवी फार सुंदर देत होते. ती पिशवी अजून आहे.

इकडे मोठ्या दुकानात थोरले शेठ थकले आणि धाकटे शेठ गल्ल्यावर बसले. ते मॅनेजमेंट शिकून आले होते. त्यांनी आधी गादी उचलली आणि खुर्च्या मांडल्या. चादरींचा मजला बंद केला, सुटिंगचा मजला मोबाईलवाल्याला भाड्याने दिला, तीन जुन्या विक्रेत्यांना हार घालून घरी पाठवलं. मॉलशी टक्कर द्यायची म्हणून मॉलपेक्षाही वाईट माल आणला. घरी पीस नेऊन धुवायची पद्धत त्यांनी मागासलेली ठरवली, म्हणून बाबा आता ब्लाउजपीस खिशात लपवून आणू लागले. पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्याच दुकानातून तुकडा चोरून आणतोय, याचं मला तेव्हा हसू यायचं.

अशाच एका मरून रंगाच्या साड्यांच्या गठ्ठ्यातला पीस आईने भिजत घातला. तासाभरात बादलीत बीट उकडल्यासारखं पाणी झालं. रुमाल लख्ख गुलाबी. बाबांनी तो धाकट्या शेठना नेऊन दाखवला. शेठ हसले. हल्ली साडी दोनदा नेसतात आणि तिसऱ्यांदा नवी घेतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि पुढे त्यांनी बाबांना विचारलं, की तुम्हाला इथे माल विकायला ठेवलाय की धुवायला?

त्या रात्री जेवताना बाबांनी हे आईला सांगितलं. घरात कापडातली एकमेव तज्ज्ञ मी, म्हणून मी सल्ला दिला. "बाबा, सगळेच विकतात. तुम्ही एकट्यानेच मक्ता घेतलाय का?" आईने माझ्याकडे बघितलं आणि पोळी वाढली.

चारच दिवसांनी नामपूरचे आप्पा आले. कांद्याचे शेतकरी, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलींचे बस्ते बाबांनीच बांधले होते आणि आता धाकटीचं लग्न होतं. मी बाबांचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. देवीची साडी निघाली, शालू ठरला, मुलीच्या रोजच्या नेसणीसाठी चार साड्या काढायचं ठरलं. मुलीने मरून रंगावर बोट ठेवलं. बाबांनी तिला निळी दाखवली, हिरवी दाखवली, मरून रंगात उन्हाळ्यात गरम होतं असंही सांगून बघितलं. मुलगी हटेना. शेठ पाठीमागे येऊन उभे राहिले.

"भाऊ, तुम्ही सांगा," आप्पा म्हणाले. "रंग जावाव नही ना?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला तेव्हाही कळलं होतं. मग ते म्हणाले, "नाही. रंग जाणार नाही."

शेठनी स्वतः थंड पेय मागवलं.

लग्न झालं. त्यानंतर दीडेक महिन्याने आप्पा एकटेच दुकानात आले, हातात पिशवी. नेमकी तेव्हाही मी तिथेच होते. आप्पांनी पिशवीतून एक धोतर काढलं. मुळात पांढरं, आता गुलाबी. ते मुलीच्या सासऱ्यांचं होतं. सटाण्याला सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पोरीने आपली मरून साडी आणि सासऱ्यांचं धोतर एकाच टबात भिजवलं होतं. तिच्या माहेरी सगळं एकत्रच भिजायचं. बाबांच्या हातचं कापड घरात यायला लागलं तेव्हापासून, रंगीत वेगळं आणि पांढरं वेगळं हा प्रकारच त्या घराला माहीत नव्हता. सासूने चारचौघींत ऐकवलं होतं, की हिला माहेरी धुणंसुद्धा शिकवलं नाही.

आप्पा भांडायला आलेच नव्हते. त्यांना तसंच दुसरं धोतर हवं होतं, व्याह्यांना नेऊन द्यायला. वर तेच ओशाळून बाबांना सांगत होते. "पोरनीच काहीतरी चूक करी व्हई, भाऊ. तुमना माल तसा नही शे."

बाबांनी नवं धोतर बांधलं. पण आप्पांच्या हातात नाही दिलं. मुलीच्या सासरचा पत्ता विचारून घेतला.

रविवारी आम्ही सटाण्याला एसटीने गेलो. बाबांनी मला चल म्हटलं नव्हतं. सल्ला माझा होता, म्हणून मीच गेले. अंगात मॉलचा कुर्ता होता, ज्याची एक बाही वाटेतच काखेत उसवली. सगळा रस्ता हात अंगाशी धरून बसले होते आणि मला फार लाज वाटत होती. ती बाहीची नव्हती.

सासरा ओसरीवर बसला होता, सासू धान्य निवडत होती, मुलगी दाराआड उभी. माझ्याच वयाची. बाबांनी पाणी घेतलं नाही. धोतर पुढे ठेवलं आणि खिशातून तो गुलाबी रुमाल काढून त्यावर ठेवला.

"पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "लग्नाआधी आमच्या घरी हा रुमाल असा झाला होता. रंग जाणार हे मला माहीत होतं, आणि मी जाणार नाही म्हणून सांगितलं."

दाराआडून नाक ओढल्याचा आवाज आला. सासूने सूप खाली ठेवलं, सुनेकडे बघितलं, आणि चहा टाकायला स्वतः उठून आत गेली.

त्यानंतर दुकानात कोणी रंगाबद्दल विचारलं की बाबा काही बोलायचे नाहीत. नुसता तो रुमाल काढून काउंटरवर ठेवायचे. तीन दिवसांत धाकट्या शेठनी त्यांना साड्यांवरून उठवलं आणि बाहेर पार्किंगची टोकनं वाटायला बसवलं. तिथे रंगाबद्दल कोणी विचारत नव्हतं. दोन वर्षांत मोठं दुकान बंद पडलं, मॅनेजमेंटसकट. शेठ सगळीकडे सांगत सुटले, की लोकांना हल्ली चांगल्या मालाची कदर राहिलेली नाही.

आईने त्या रुमालाला सोडा लावून बघितला, लिंबू लावून बघितलं, आठ आठ दिवस उन्हात टाकून बघितलं. फेकून द्या म्हटलं तर बाबा देईनात, तोच वापरायचे. साडीत जो रंग एक धुणं टिकला नाही, तो बाबा जाईपर्यंत त्यांच्या खिशात टिकला.