दस्तगीरचाचांचं रक्त

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, माझ्या गाईडपाशी नाही — आणि ज्यांच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

मी तेव्हा कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. विषय उंदरांचा. म्हणजे, पूर ओसरल्यावर नदीकाठच्या उसात उंदीर कुठून कुठे सरकतात, आणि त्यांच्या किडन्यांत लेप्टो या तापाचे जंतू सापडतात का. हे जंतू उंदराच्या लघवीतून चिखलात येतात आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाच्या भेगांतून आत शिरतात. म्हणून उंदरांच्या जोडीला, रानात राबणाऱ्या काही माणसांचं रक्तही तपासायचं होतं. त्यांच्यासाठीचं संमतीपत्र मीच मराठीत लिहिलं होतं. शेवटची ओळ होती — तुमच्या तपासणीत काय निघालं ते तुम्हाला आठवड्याच्या आत सांगू. ती ओळ लिहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

दस्तगीरचाचांचं कुरुंदवाडात पत्र्याच्या कामाचं दुकान. डबे, पेट्या, चाळण्या. माझा एक पिंजरा मोडला म्हणून मी तिथं गेले. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्याची झडपच चुकलीया. उंदीर खाऊन माघारी जातोय की." मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं नवे पिंजरे केले, आणि ते कुठं लावायचे हे दाखवायला माझ्याबरोबर उसात यायला लागले. दोन वर्षं येत राहिले. बांधावरचं कुठलं बीळ वापरातलं आणि कुठलं ओस, हे तोंडाशी पडलेल्या मातीवरून सांगायचे. माझ्या प्रबंधातला बिळांचा नकाशा खरं तर त्यांचा आहे. पण मला सांगायचंय ते हे नाही. श्रेयाची चोरी कबूल करणं त्या मानानं सोपं आहे.

दुसऱ्या वर्षी पूर उतरल्यावर एका सकाळी ते बांधावरच बसले. म्हणाले, "ताई, दोन दिस कणकण हाय. पोटऱ्या लई दुखत्यात."

मी त्यांचं रक्त घेतलं. पोटऱ्या दुखणं म्हणजे काय असू शकतं, हे मला माहीत नव्हतं का? प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात, लक्षणांच्या यादीत, ते मी स्वतः लिहिलं होतं.

प्रयोगशाळेत तपासणीचं रसायन संपत आलं होतं. एकाच खेपेपुरतं उरलेलं, आणि नवं यायला तीन आठवडे. उंदरांचे नमुने गोठवून ठेवले होते. ते थांबू शकत होते — मेलेल्या उंदराला कसली घाई? घाई मला होती. पुढच्या आठवड्यात बंगळूरला परिषद होती आणि माझ्या आलेखात एका जागेची आकडेवारी रिकामी दिसत होती. मी त्या खेपेतल्या सगळ्या नळ्या उंदरांसाठी वापरल्या. चाचांसाठी एक ठेवली असती तर पुरली असती. ठेवली नाही.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, माझ्या रगताचं काय निघालं?"

मी म्हणाले, "काही नाही निघालं, चाचा. साधा ताप आहे."

अजून तपासलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. दवाखान्यात दाखवून घ्या, एवढंच. का नाही म्हणाले? संमतीपत्रातली ओळ आठवली म्हणून? दिलेला शब्द मोडला हे त्यांना कळू नये म्हणून? इतकी वर्षं विचार करतेय. त्या क्षणी मात्र मी विचार केलाच नव्हता. बॅग भरत होते.

ते तापाच्या गोळ्या खात राहिले, आणि उसात जातही राहिले — माझेच पिंजरे उचलायला. बंगळूरला माझ्या आलेखाचं कौतुक झालं. परत आले तोवर त्यांना दवाखान्यात दाखल केलं होतं. डोळे पिवळे, लघवी बंद, डायलिसिस सुरू. इतके दिवस घरी का काढले, असं तिथल्या डॉक्टरांनी चाचींना विचारलं. चाचींनी सांगितलं, रक्त तपासलं होतं, त्यात काही आलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते.

नवं रसायन आल्यावर मी चाचांच्या रक्ताची नळी तपासली. जंतू होते. वहीत त्यांच्या नावासमोर मी लिहिलं — नमुना अपुरा. पुढं प्रबंधात आभाराच्या पानावर त्यांचं नाव पहिलं घातलं. ते पान त्यांनी दुकानात चिकटवलंय.

चाचा वाचले. किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. पत्रा कापायला बसले की दमतात, दुकान दुपारीच बंद करतात. मी वर्षातून एक-दोनदा जाते. मागच्या महिन्यातही गेले होते. चाचींनी चहा दिला आणि त्यांचं नेहमीचं सुरू झालं — अंगात ताप असताना हे उसात गेले कशाला, घरी पडून राहिले असते तर हे दुखणं मागं लागलं असतं का?

चाचा म्हणाले, "चूक माझीच हाय. ताईनं रगात तपासलंतं, तवा अंगात काय बी न्हवतं. मी पुन्यांदा चिखलात गेलो, तवा लागलं." आणि माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय का न्हाय, ताई?"

मी हो म्हणाले.