हसल्याबिगर बत्तासा फुगत न्हाई

लढाईची वर्षं होती. बोटी येईनाशा झाल्या आणि लोणावळ्याच्या बाजारातून विलायती खायचा सोडा गायब झाला. बेडशाच्या जत्रेत तो बत्तासेवाला भेटला तेव्हाची ही गोष्ट. त्याचं नाव मी विचारलंच नाही. आठवते ती पिळदार मिशी आणि पाक ढवळताना गुणगुणायची सवय.

कढईत अख्ख्या गावाची साखर होती, घराघरांतून मूठमूठ मागून जमवलेली. ती बिघडली असती तर देवीला प्रसाद नव्हता. सोड्याऐवजी त्यानं केळीच्या खुंटाच्या राखेतून खार काढून आणला होता. आम्ही सगळे श्वास रोखून कढईकडे बघत होतो. तो उखडला.

"मयतीला आल्यावानी तोंडं काय करताय? हसा आदी! हसल्याबिगर बत्तासा फुगत न्हाई."

सांगून कोण हसणार? तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "आरं, मिशी पाकात बुडली बग तुजी!"

त्यानं दचकून मिशी चाचपली, आणि हाताचा पाक लागून ती खरंच गालाला चिकटली. सगळी जत्रा खो खो हसत सुटली. त्यानं लगेच खार टाकला, वर लिंबू पिळलं. फेस सरसर काठापर्यंत चढला. पिवळसर, वाकडेतिकडे, पण टम्म फुगलेले बत्तासे चटईवर पडू लागले.

निघताना मी विचारलं, "भाऊ, हसण्यानं खरंच फुगतात?"

त्यानं मिशीवरचा पाक चाटला.

"फुगिवतो खार. पर फसलं आस्तं, तर हसलेली मानसं जरा कमी मारत्यात."