समुद्र: सकाळी सात वाजता

“पाठक! समुद्र कुठंय?”

देवधरसाहेब भावनगरच्या धक्क्यावर उभे राहून ओरडत होते. साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी आवाज दिला की चाकणच्या बाजारातले बैल खाली बसत. पण इथं ऐकायला समुद्रच नव्हता. क्षितिजापर्यंत नुसता चिखल, आणि त्यात रुतून बसलेली आमची बार्ज. बार्ज म्हणजे धक्क्यावरून लांब उभ्या जहाजापर्यंत माल नेणारी सपाट होडी. तिला तरंगायला पाणी लागतं.

“इथंच होता, सर,” मी म्हणालो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कंपनीची पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर, तीन टनांचा एक प्रेस, पत्रा दाबून घडवणारं यंत्र, आफ्रिकेला. मुंबईच्या गोदीत जहाजांची रांग, म्हणून माल भावनगरहून जायचा होता. मी डिस्पॅचला, म्हणजे माल गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत शिव्या खाणारा माणूस. जहाज त्याच संध्याकाळी सुटणार होतं. प्रेस चढला नाही तर ऑर्डर रद्द, आणि मी कायमचा स्टोअरच्या खिडकीत, नटबोल्ट वाटत.

आठवड्यापूर्वी साहेबांनी मला सर्व्हेला पाठवलं होतं. “शहराचा संपूर्ण आढावा हवा,” म्हणाले. दिला. तीन फुलस्केप! टेकडीवरचं संगमरवरी देऊळ, पायऱ्यांच्या संख्येसकट. मिठागरं, लांबून हिमालय वाटतील अशी. संस्थानी रस्ते, इतके रुंद की ट्रक आडवा घातला तरी कुणाची हरकत नाही. गाठिया, एकदा खाल्ला की माणूस पुण्याचा राहत नाही. आणि शेवटी एक ओळ: ‘समुद्र सकाळी सात वाजता धक्क्याला लागतो.’

मी स्वतः बघितला होता, काठोकाठ. आमच्याकडे सगळंच भोंग्यावर चालायचं. फर्स्ट शिफ्ट सातला, कॅन्टीनचा चहा नऊला. समुद्र रोज लेट येत असेल, हे कुणाच्या डोक्यात यावं?

साहेबांनी रिपोर्टवर ‘एक्सलंट’ लिहिलं आणि प्रोग्रॅम आखला: ट्रक सातच्या ठोक्याला धक्क्यावर.

“बार्ज दिसतेय ना? मग ट्रक खाली घाला!” साहेब गरजले.

“न्हाई जमायचं, साहेब. चिखल लई खोल हाय,” बबनराव म्हणाले. बबनराव कुरुळीचे, आमचे पॅकिंगचे सुतार. प्रेसचा लाकडी खोका त्यांनीच ठोकलेला.

“मी दाखवतो किती खोल आहे ते!”

साहेब उतरले आणि दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. चौघांनी मिळून ओढलं. साहेब आले, उजवा बूट आला नाही. तो एव्हाना आफ्रिकेला पोचला असेल, विनापॅकिंग.

त्यात त्या दिवशी एकादशी. साहेबांचा कडक उपास, आणि बार्जचा तांडेल कासमभाई शेजारी बसून गाठिया खातोय.

“पानी आयेगा,” तो म्हणाला. “एक बजे.”

“एक? मागच्या आठवड्यात सातला होतं!” मी म्हणालो.

“रोज खिसकता है, साब.”

साहेबांचा विश्वास बसेना. “थापा मारतोय! ट्रक मुंबईला वळवा!” म्हणजे जहाज गेलंच. मला स्टोअरची खिडकी दिसायला लागली.

बबनराव ट्रकपुढे आडवे उभे राहिले. “साहेब, तुमी संकष्टी धरता न्हवं?”

“धरतो. त्याचं इथं काय?”

“चंद्र रोज एकाच टायमाला उगवतो व्हय? चतुर्थीपरीस पंचमीला उशीर, षष्ठीला त्याहून. भरती चंद्रामागं पळती, आमचे गुरुजी सांगायचे. आन् चंद्राला कुठला भोंगा?”

साहेब म्हणजे संकष्टीला गच्चीवर घड्याळ घेऊन चंद्राची वाट बघणारा माणूस. चंद्राचा उशीर त्यांच्या पोटाला पाठ होता. त्यांनी बोटांवर मोजलं. सात दिवस, रोज पाऊण तासाच्या वर, म्हणजे सहाएक तास; सातचा एक.

“एक वाजता येईल,” साहेबांनी सगळ्यांना जाहीर केलं. शोध त्यांचाच असल्यासारखं.

साडेबाराला बार्ज हलली. एकला पाणी धक्क्याला टेकलं. चारच्या आत प्रेस जहाजावर होता. तेव्हापासून माझ्या रिपोर्टात वेळेआधी तिथी असते.

निघताना साहेब एका बुटावर कासमभाईकडे गेले. “मागच्या आठवड्यात याला सांगितलं का नाहीस?”

“इन्होंने पूछा ही नहीं,” कासमभाई म्हणाला. “घडी देखी, लिख लिया.”